बीसीजीने भागलं नाही, आता विषाणू आणि पेशी?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ६७ वर्षांचे, पिंपरीतल्या कारखान्यातून निवृत्त, तीसेक वर्षं सिगारेट. लघवीतून रक्त गेलं, दुर्बिणीतून मूत्राशयातली कर्करोगाची गाठ काढली, मूत्राशयात बीसीजीचे, म्हणजे क्षयाच्या लसीचे, ६ डोस झाले. ३ महिन्यांनी पुन्हा दुर्बीण घातली तर बायोप्सीत 'हाय ग्रेड', म्हणजे आक्रमक प्रकारचा, आजार शिल्लक. डॉक्टर म्हणतात मूत्राशय काढून टाकू. मुलीने मात्र वाचलंय, की कर्करोगाच्या पेशी फोडणारा विषाणू आणि रुग्णाच्याच गाठीतून वाढवलेल्या रोगप्रतिकारक पेशी एकत्र दिल्या तर मूत्राशय वाचू शकतं. हे पुण्यात होईल का, नाही तर अमेरिकेला न्यावं का, आणि तोपर्यंत ऑपरेशन पुढे ढकलावं का?

उलट क्रमाने उत्तर देतो. या जोडीसाठी ऑपरेशन ढकलू नका. ही जोडी आज जगात कुठेच नेहमीचा उपचार म्हणून मिळत नाही, त्यामुळे पुण्याचा किंवा अमेरिकेचा प्रश्नच पुढचा आहे. एकट्या विषाणूचा पुरावा मात्र आता चांगला जमलाय. एकट्या पेशींचा, निदान मूत्राशयाच्या बाबतीत, अगदी सुरुवातीचा आहे. दोन्ही एकत्र म्हणजे अजून बहुतांशी प्रयोगशाळा, उंदीर आणि रुग्णांच्या गाठींचे तुकडे. पण या सगळ्याआधी मला तुमच्या प्रश्नातली दुसरीच गोष्ट खटकते आहे: बीसीजी खरंच हरलं का?

'हाय ग्रेड' एवढ्या दोन शब्दांवर हा निर्णय होत नाही. त्या बायोप्सीच्या कागदावर पुढे काय लिहिलंय ते पाहा. तिथे 'सीआयएस' म्हणजे आतल्या अस्तरात पसरलेला सपाट आजार असेल, तर ६ डोसांनंतर ३ महिन्यांनी तो दिसणं ही काही शेवटची घंटा नव्हे. सीआयएस सावकाश मागे हटतो. अशा रुग्णांना आणखी बीसीजी दिलं, की त्यातल्या बऱ्याच जणांची ६ महिन्यांची तपासणी स्वच्छ येते. म्हणूनच 'बीसीजीला दाद न देणारा आजार' हा शिक्का मारायला आम्ही नियम पाळतो: पहिल्या ६ पैकी किमान ५ डोस आणि त्यानंतरच्या फेरीतले किमान २ डोस झालेले असावेत, आणि तरीही शेवटच्या डोसापासून १२ महिन्यांच्या आत सीआयएस सापडावा. याला एक मोठा अपवाद आहे. अस्तराखालच्या थरात घुसलेला टी-वन हाय ग्रेड आजार पहिल्या ६ डोसांनंतरच्या पहिल्याच तपासणीत सापडला, तर पुढच्या फेरीची वाट पाहायची नसते. तिथे तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं बरोबर आहे आणि घाईही बरोबर आहे.

म्हणजे एकाच वाक्यातल्या एका अक्षराने वडिलांचा रस्ता बदलतो. सीआयएस असेल तर बीसीजीची आणखी एक फेरी मिळू शकते, टी-वन असेल तर ऑपरेशनची तारीख. आणि रिपोर्टमध्ये स्नायूचा तुकडा आलाच नसेल, 'डिट्रुसर मसल नॉट सीन' अशी ओळ असेल, तर आजार स्नायूत गेलाय की नाही हे कुणालाच ठाऊक नाही. अशा वेळी पुन्हा एकदा दुर्बिणीतून खरवडून नमुना घ्यावा लागतो. मला दुसऱ्या मतासाठी येणाऱ्या फायलींमध्ये ही ओळ वारंवार दिसते आणि नातेवाइकांनी ती वाचलेली नसते, कारण सगळ्यांचं लक्ष शेवटच्या ठळक अक्षरांवर असतं. मूत्राशयाबाहेर, म्हणजे वर मूत्रवाहिनीत किंवा पुरुषांत प्रोस्टेटमधून जाणाऱ्या मूत्रमार्गात, आजार लपलेला नाही ना हेही पाहिलेलं असावं. बीसीजी मूत्राशयात सोडतात. आजार तिथे नसेलच, तर हरलं कोण?

डोसांची नोंदही मागून घ्या. किती मिलिग्रॅम दिलं, किती वेळ आत थांबलं, किती डोस तापामुळे किंवा जळजळीमुळे चुकले. भारतात वापरलं जाणारं बरंचसं बीसीजी आपल्याच हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटचं असतं, ४० मिलिग्रॅमच्या कुपीतलं. अमेरिकेतल्या स्ट्रेनचे, म्हणजे जंतूच्या वाणाचे, मिलिग्रॅम वेगळे, त्यामुळे इंटरनेटवरच्या आकड्याशी ताडून 'डोस कमी दिला' असा निष्कर्ष घरी काढू नका. नोंद आणा, ती वाचणाऱ्याला दाखवा.

आता विषाणूकडे येऊ, कारण त्यातच तुमची खरी उत्सुकता आहे आणि ती रास्त आहे.

जंतू आत सोडायचा आणि त्याच्या निमित्ताने शरीराच्या पेशींना कर्करोगावर घालायचं, ही कल्पना मूत्राशयाच्या बाबतीत नवी नाही. बीसीजी म्हणजे तेच. कॅनडात किंग्स्टनला अल्वारो मोरालेस यांनी १९७६ साली ९ रुग्णांवरचा अनुभव छापला, तिथून हे सुरू झालं. आठवड्याला एक असे ६ डोस हे वेळापत्रक आजही जगभर चालतं. त्यामागे फार खोल गणित नव्हतं. त्यांना मिळणाऱ्या खोक्यात ६ कुप्या यायच्या आणि त्रास ओसरायला आठवडा लागायचा! पन्नास वर्षं झाली, आम्ही अजून त्याच खोक्याप्रमाणे चालतो. माझ्याकडे निम्मे नातेवाईक पहिल्या दिवशी विचारतात, 'अहो, बाबांना टीबीचे जंतू कशाला सोडताय?' दंडावर ज्याचा व्रण आहे तीच ही लस, हे सांगितलं की जरा निवतात. जिवंत पण कमजोर केलेला जीवाणू अस्तराला चिकटतो, तिथे दाह होतो, आधी पांढऱ्या पेशींची पहिली फळी येते, मग टी-पेशी, म्हणजे शत्रू ओळखून मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, येतात, आणि त्या धुमश्चक्रीत कर्करोगाच्या पेशीही मारल्या जातात. बीसीजी पेशींना बोलावतं. नेमकं कुणाला मारायचं हे मात्र ते सांगत नाही.

कर्करोगभक्षी विषाणूचं काम इथे वेगळं पडतं. तो बोलावतोही आणि स्वतः मारतोही. मूत्राशयासाठी सगळ्यात पुढे गेलेला विषाणू म्हणजे क्रेटोस्टिमोजीन. मुळात हा सर्दी करणारा ॲडेनोविषाणू, ५ नंबरचा प्रकार. त्याची वाढ सुरू करणारं जनुक शास्त्रज्ञांनी अशा कळीला जोडलं, जी ई-टू-एफ नावाच्या प्रथिनाशिवाय दाबली जात नाही. निरोगी पेशीत आरबी हे दुसरं प्रथिन ई-टू-एफला धरून ठेवतं. मूत्राशयाच्या कर्करोगात हा आरबीचा लगाम बऱ्याचदा तुटलेला असतो, ई-टू-एफ मोकाट असतं, म्हणून विषाणू तिथेच वाढतो. निरोगी पेशीत शिरला तरी त्याचं पुढे काही चालत नाही. कर्करोगाच्या पेशीत त्याच्या हजारो प्रती होतात, पेशी फुटते, प्रती शेजारच्या पेशींत शिरतात. शिवाय त्यात जीएम-सीएसएफ नावाच्या प्रथिनाचं जनुक बसवलेलं आहे. फुटलेल्या पेशीचे तुकडे उचलून ते टी-पेशींना 'हा बघा शत्रू' असं दाखवणाऱ्या पेशी असतात, त्यांना जीएम-सीएसएफ जागं करतं. बीसीजीत जी ओळख-परेड राहून जाते, ती इथे होते. निदान व्हावी अशी मांडणी आहे.

द्यायची पद्धत तुमच्या वडिलांना ओळखीची वाटेल: नळी घालून मूत्राशयात औषध, आत थांबवायचं, मग लघवी. एक फरक आहे. मूत्राशयाच्या अस्तरावर बुळबुळीत संरक्षक थर असतो, त्यातून विषाणू आत शिरत नाही. म्हणून आधी साबणासारखा गुण असलेल्या एका सौम्य द्रावणाने आतून धुऊन घेतात. वाचायला किरकोळ वाटतं, पण सुरुवातीच्या काळात अशा उपचारांचे प्रयोग फसण्यामागे हा थर होता.

आकडे काय सांगतात? बीसीजीला दाद न दिलेल्या सीआयएसच्या रुग्णांवरच्या तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत क्रेटोस्टिमोजीन एकट्याने दिल्यावर दर ४ पैकी ३ जणांत कधी ना कधी आजार पूर्ण दिसेनासा झाला. लघवीची जळजळ, वारंवारता, थोडं रक्त, इतकाच बहुतेकांना त्रास. मला हा आकडा मनापासून आवडतो. पण २ वर्षांनी स्वच्छ राहिलेल्यांचा आकडा चाळीस टक्क्यांच्या आसपास उतरतो, तो बातमीच्या मथळ्यात येत नाही. असंच दुसऱ्या एका औषधाचं, नॅडोफॅराजीनचं. तोही ॲडेनोविषाणूच, पण वाढ खुंटवलेला. तो पेशी फोडत नाही, फक्त इंटरफेरॉन या प्रतिकारशक्ती चेतवणाऱ्या प्रथिनाचं जनुक पोचवतो, ३ महिन्यांतून एकदा. अमेरिकेच्या औषध नियामकाने त्याला डिसेंबर २०२२ मध्ये मान्यता दिली. त्याच्या चाचणीत सीआयएसच्या १०३ रुग्णांपैकी ५५ जणांत ३ महिन्यांच्या आत आजार गेला आणि वर्षाअखेर त्यातल्या २५ जणांत तो परतलेला नव्हता. १०३ पैकी २५. मूत्राशय वाचवण्याच्या औषधांचे आकडे वाचताना 'कधी ना कधी' आणि 'वर्षाने' हे दोन वेगवेगळे स्तंभ आहेत हे लक्षात ठेवा, अर्धी दिशाभूल तिथेच होते.

मग पेशी कशाला हव्यात? विषाणूने हाक मारली तरी शरीरात त्या कामाच्या टी-पेशी पुरेशा नसतात, असतात त्या थकलेल्या असतात. सिगारेट ओढणाऱ्यांच्या मूत्राशयाच्या गाठीत जनुकीय बिघाड भरपूर असतात, त्यामुळे टी-पेशींना ओळखायला खुणाही भरपूर असतात, आणि गाठीच्या आत शिरून बसलेल्या काही टी-पेशींनी शत्रू ओळखलेलाही असतो. यांना इंग्रजी आद्याक्षरांवरून 'टिल' म्हणतात. त्या ओळखतात, पण गाठीच्या वातावरणात हात-पाय गाळून बसतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत स्टीव्हन रोझेनबर्ग यांनी १९८० च्या दशकात मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात एक साधा, धाडसी विचार केला: गाठ कापून बाहेर काढायची, त्यातल्या या पेशी तिथून सोडवायच्या, आयएल-२ हे टी-पेशींचं खाद्य घालून अब्जावधींनी वाढवायच्या आणि परत रुग्णालाच द्यायच्या. हे नियमित औषध व्हायला फेब्रुवारी २०२४ उजाडलं. तेव्हा अमेरिकेत लायफिल्यूसेलला मेलानोमासाठी मान्यता मिळाली, ७३ पैकी २३ रुग्णांत गाठी किमान ३० टक्के आटल्या या आधारावर. हे सगळे इतर उपचार थकलेले रुग्ण होते, म्हणून २३ हा आकडा लहान समजू नका.

पण ही पद्धत अंगावर येणारी आहे, हे बातम्यांत दोन ओळींत उरकतात. पेशी परत देण्याआधी सायक्लोफॉस्फमाइड आणि फ्लुडॅराबिनची केमो देऊन रुग्णाच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशी जवळपास साफ करतात, म्हणजे नव्यांना जागा होते. पेशी दिल्यानंतर आयएल-२ चे मोठे डोस देतात. त्यात रक्तदाब कोसळतो, अंगात पाणी साचतं, मूत्रपिंडं कुरकुरतात. मूत्राशयाच्या कर्करोगाचे रुग्ण साठी-सत्तरीचे, बरेचसे धूम्रपानाने फुप्फुसं आणि हृदय झिजलेले, काहींची क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम सांगणारी रक्तचाचणी, आधीच वर. ज्याला मूत्राशय काढण्याचं ऑपरेशन झेपणार नाही म्हणून पर्याय शोधतोय, त्याला हे झेपेल? बऱ्याचदा नाही. लायफिल्यूसेलची अमेरिकेतली जाहीर किंमत ५ लाख १५ हजार डॉलर होती आणि त्यात इस्पितळाचा खर्च धरलेला नव्हता.

म्हणूनच मूत्राशयाच्या बाबतीत मला त्यातली एक वाट फार शहाणपणाची वाटते. फ्लोरिडातल्या टाम्पा शहरातल्या मॉफिट कॅन्सर सेंटरने मूत्राशयाच्या गाठींतून टिल वाढवता येतात हे आधी दाखवलं आणि मग त्या शिरेतून न देता नळीने थेट मूत्राशयातच सोडण्याची पहिल्या टप्प्याची चाचणी हाती घेतली. मूत्राशय ही बंद पोकळी आहे. तिथे औषध ओतता येतं, थांबवता येतं, लघवीतून काढता येतं, दर ३ महिन्यांनी दुर्बिणीतून परिणाम डोळ्यांनी पाहता येतो. यकृतातल्या किंवा फुप्फुसातल्या गाठीवर काम करणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना ही चैन नाही. पहिल्या टप्प्याच्या चाचणीत मोजतात ती मुख्यतः सुरक्षितता आणि झेपणारा डोस, हे मात्र पक्कं ध्यानात असू द्या. तुमच्या वडिलांचं मूत्राशय वाचेल का, या प्रश्नासाठी ती आखलेलीच नसते.

आता दोघे एकत्र का, हे समजेल. बाहेरून वाढवलेल्या टी-पेशी आत आल्या तरी गाठ दोन गोष्टी करते: स्वतःच्या ओळखीच्या खुणा पृष्ठभागावरून लपवते आणि आलेल्या पेशींना सुस्त करते. विषाणूची लागण झाली की पेशी आपत्काल जाहीर करते. त्या गडबडीत खुणा दाखवणारे रेणू पुन्हा पृष्ठभागावर येतात, टी-पेशींना खेचणारे रासायनिक संदेश सुटतात, सुस्तावणारं वातावरण मोडतं. म्हणजे विषाणू दार फोडतो आणि आत कुठे कोण आहे ते दाखवतो, पेशी उरलेलं काम करतात. फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या संशोधकांनी तर ॲडेनोविषाणूत टीएनएफ-अल्फा (दाह पेटवणारं प्रथिन) आणि आयएल-२ या दोन्हींची जनुकं घातली, म्हणजे टी-पेशींचं खाद्य गाठीच्या आतच तयार व्हावं आणि शिरेतून आयएल-२ ओतायची पाळी येऊ नये. मेलानोमाच्या रुग्णांत हा विषाणू टिलसोबत वापरून पाहिलाय. मूत्राशयात हे जुळायला काहीच हरकत नाही, उलट जागा जास्त सोयीची आहे.

कागदावर इतकं छान जुळणारं प्रत्यक्षात कुठे अडतं ते सांगतो, कारण इथे मी पुष्कळ सावध आहे. पहिलं, वेळ. टिल वाढवायला गाठीचा ताजा, पुरेसा, जळका नसलेला तुकडा लागतो. दुर्बिणीतून काढताना आम्ही विजेच्या तारेने खरवडतो, कडा भाजतात. सीआयएस तर सपाट असतो, तिथून तुकडा किती मिळणार? मिळालाच तर पेशी वाढायला आठवडे जातात आणि काही रुग्णांत त्या वाढतच नाहीत. दुसरं, क्रम. विषाणू आधी की पेशी आधी? टी-पेशींना विषाणूबाधित पेशी मारायची उपजत सवय असते. त्या फार लवकर आल्या तर विषाणू वाढायच्या आधीच त्याचा कारखाना बंद पाडतात. फार उशिरा आल्या तर दाह ओसरलेला असतो. शिवाय विषाणू दिल्यानंतर काढलेल्या गाठीतून टिल वाढवले, तर त्यातले किती कर्करोग ओळखणारे आणि किती नुसतेच विषाणू ओळखणारे? आपल्यापैकी बहुतेकांनी ॲडेनोविषाणूची सर्दी कधी ना कधी काढलेली असते, त्याची आठवण ठेवणाऱ्या टी-पेशी अंगात असतातच. उंदरांत हे सगळं नेमकं लावता येतं. तुमच्या वडिलांत रक्तस्रावही होणार, लघवीचा संसर्गही होणार, मधुमेह असला तर तोही.

याच जोडीचं सौम्य रूप मात्र माणसांत तपासलेलं आहे, आणि ते मला टिलपेक्षा जास्त जवळचं वाटतं. पेशी बाहेर न वाढवता, अंगातल्याच टी-पेशींवरचा ब्रेक पेम्ब्रोलिझुमॅबने काढायचा आणि मूत्राशयात क्रेटोस्टिमोजीन सोडायचं. बीसीजीला दाद न दिलेल्या ३५ रुग्णांच्या चाचणीत वर्षाच्या शेवटी ५७ टक्के रुग्ण आजारमुक्त होते. एकट्या पेम्ब्रोलिझुमॅबने, ज्याला अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये याच कारणासाठी मान्यता मिळाली, ९६ पैकी ३९ जणांत ३ महिन्यांनी आजार गेलेला दिसला होता आणि त्यातल्याही निम्म्याहून अधिक जणांना वर्षाच्या आत तो परतला. ३५ रुग्ण म्हणजे लहान चाचणी, तुलनेचा गट नाही, त्यामुळे आकड्यांची थेट कुस्ती लावू नका. पण दिशा बरोबर आहे असं माझं मत आहे: विषाणू आणि पेशी एकमेकांना हव्याच आहेत, प्रश्न पेशी बाहेरून आणायच्या की आतल्याच मोकळ्या करायच्या, एवढाच.

पुण्याचं काय? इथे १९५२ पासून विषाणूंवर काम करणारी राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आहे, गणेशखिंडीला पेशी विज्ञानाचं राष्ट्रीय केंद्र आहे, हडपसरला लस बनते. त्यामुळे लोकांना वाटतं हेही इथे कुठेतरी मिळतच असेल. नाही मिळत. संशोधन होणं आणि रुग्णाला टोचता येईल असं औषध तयार असणं यात परवान्यांचं आणि वर्षांचं अंतर असतं. भारतात पेशींचा उपचार म्हणून ज्याची बातमी तुम्ही वाचली असेल ते नेक्सकार-१९, म्हणजे जनुकं बदललेल्या टी-पेशींचा 'कार-टी' उपचार. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेलं, ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेलं. अभिमान वाटावा असंच काम आहे, पण ते बी-पेशींच्या रक्तकर्करोगांसाठी आहे. मूत्राशयाच्या कर्करोगाशी त्याचा संबंध नाही. 'कार-टी आता मुंबईत मिळतं ना' म्हणून धावपळ करू नका.

आणि याच ठिकाणी एक कडक सूचना. 'इम्युन सेल थेरपी', 'तुमच्याच रक्तातून पेशी वाढवून देतो' असं सांगून लाखांत पैसे घेणारे लोक रुग्णांना गाठतात. रक्तातून काढलेल्या सरसकट पांढऱ्या पेशी म्हणजे टिल नव्हेत. कुणी चाचणी आहे म्हणाला तर सीटीआरआयचा, म्हणजे भारताच्या चाचणी नोंदवहीचा, नोंदणी क्रमांक मागा. तो संकेतस्थळावर स्वतः घालून पाहता येतो. जनुकं बदललेला विषाणू असेल तर औषध नियंत्रकांखेरीज जैवतंत्रज्ञान विभागाच्या समितीचीही संमती लागते. आणि खऱ्या चाचणीत तपासलं जाणारं औषध रुग्णाला विकत घ्यावं लागत नाही, २०१९ च्या नियमांत इजा झाल्यास भरपाईचीही तरतूद आहे. पैसे आधी मागितले की उठून या.

अमेरिकेला नेण्याबद्दल: चाचणीत प्रवेश मिळेलच असं नसतं, निकष कडक असतात, दर ३ महिन्यांना तिथेच तपासणीला हजर राहावं लागतं, आणि चाचणीबाहेरचे खर्च, इस्पितळाची बिलं आपल्या खिशातून. मुलगा-सून तिकडे स्थायिक असतील आणि वडिलांचा आजार निव्वळ सीआयएस असेल, तर विषाणूच्या चाचणीसाठी ईमेल करून चौकशी जरूर करा, रिपोर्ट आणि ब्लॉक (मेणात जपलेला बायोप्सीचा तुकडा) पाठवून. टी-वन असेल तर मी स्वतःच्या वडिलांना पाठवलं नसतं. पासपोर्ट-व्हिसात जाणारे महिने त्या आजाराकडे नसतात.

इथे आज मिळण्यासारखा, स्वस्त आणि दुर्लक्षित पर्याय आहे: मूत्राशयात आधी जेमसिटाबिन १ ग्रॅम, ते काढून लगेच डोसिटॅक्सेल ३७.५ मिलिग्रॅम, दर आठवड्याला असं ६ वेळा आणि नंतर महिन्यातून एकदा. दोन्ही जुनी केमोची औषधं, जेनेरिक मिळतात, पेटंट नाही म्हणून त्यांची जाहिरातही नाही. अमेरिकेतल्या अनेक केंद्रांनी मिळून २७६ रुग्णांची माहिती मागे वळून तपासली, तर २ वर्षांनी ५२ टक्के रुग्णांत हाय ग्रेड आजार परतलेला नव्हता. यात बीसीजीने आधी हात टेकलेले लोक होते. ही तुलना करणारी चाचणी नव्हे, रुग्ण निवडलेलेच असतात, तरी ऑपरेशन नको म्हणणाऱ्या किंवा न झेपणाऱ्या रुग्णासाठी मी आधी हेच मांडतो. पेम्ब्रोलिझुमॅब भारतात मिळतं, पण दर ३ आठवड्यांनी शिरेतून आणि खर्च लाखांत.

ऑपरेशनची भीती मला समजते. मूत्राशय आणि प्रोस्टेट काढतात, लहान आतड्याचा एक तुकडा वापरून लघवी पोटावरच्या छिद्रातून बाहेरच्या पिशवीत काढतात, किंवा निवडक रुग्णांत आतड्याचंच नवं मूत्राशय शिवतात. मोठं ऑपरेशन आहे, गुंतागुंती होतात, लैंगिक आयुष्यावर परिणाम होतो, हे कुणी गोड शब्दांत झाकू नये. पण आजार अस्तरापुरता असतानाच काढला तर ८० टक्क्यांहून अधिक रुग्ण त्या कर्करोगाने ५ वर्षांत दगावत नाहीत. स्नायूत घुसल्यावर, लसिकाग्रंथींत पसरल्यावर केलं तर हा आकडा झपाट्याने घसरतो. मूत्राशय वाचवण्याचे सगळे प्रयोग, विषाणूसह, या घसरणीच्या आधीच्या काळात करायचे असतात, आणि म्हणून त्यांना मुदत लागते. मी रुग्णाला फायलीवरच लिहून देतो: ३ महिन्यांनी दुर्बीण आणि लघवीतल्या पेशींची तपासणी, ६ महिन्यांनीही हाय ग्रेड असेल तर पुढचा प्रयोग नाही. स्नायूत गेलं तर त्याच दिवशी प्रयोग थांबला.

तर या आठवड्यात एवढं करा. बायोप्सीची मूळ काचपट्टी आणि ब्लॉक मागवा आणि मूत्ररोगाच्या पॅथॉलॉजीत मुरलेल्या व्यक्तीकडून पुन्हा वाचून घ्या. सीआयएस, टी-ए (अस्तरापुरतीच गाठ) की टी-वन, आणि स्नायू आला होता का, ही उत्तरं लेखी मिळवा. सीटी युरोग्राम (मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंतचा सीटी स्कॅन) झालेला नसेल तर क्रिएटिनिन पाहून करून घ्या. कारखान्यात वडील कुठल्या खात्यात होते तेही फायलीत लिहून ठेवा. रंग, रबर, काही रसायनं यांच्याशी वर्षानुवर्षं संबंध आला असेल तर तो कर्करोगाच्या कारणांत मोडतो, आणि त्या खात्यात अजून काम करणाऱ्यांनी लघवीतून एकदा जरी रक्त गेलं तरी तपासून घ्यायला हवं. सिगारेट चालू असेल तर ती आजच बंद. बीसीजी असो, विषाणू असो किंवा उद्या टिल, त्यात वडिलांनी करण्यासारखं तेवढंच आहे.

आणि वडिलांना विचारा. तुमच्या प्रश्नात तुमचं वाचन आहे, डॉक्टरांचं मत आहे, अमेरिकेला नेण्याचा विचार आहे. त्यांना स्वतःला पिशवी नको आहे, की रोज उठून 'परत आलं असेल का' हा विचार नको आहे, हे कुठेच लिहिलेलं नाही. सीआयएसचा रिपोर्ट आला तर पुढचा निर्णय बराचसा त्याच उत्तरावर ठरेल.